मेन्यूकार्डावर नाव

त्या रविवारी रेस्टॉरंटवाल्यांनी मेन्यूकार्ड बदललं नसतं, तर आपण फार समाधानी गृहस्थ आहोत या समजुतीतच तात्यांनी उरलेलं आयुष्य काढलं असतं.

तात्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. म्हणजे दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि तात्या आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मेण, प्लास्टर आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिक घेऊन त्या मापाची बत्तिशी घडवतात. हे काम असं विचित्र की जितकं चांगलं होईल तितकं ते कुणाच्या लक्षात येत नाही. शहरातले निम्मे पेन्शनर तात्यांच्या दातांनी हसायचे, पण डबीवर नाव छापलेलं असायचं डॉक्टरांचं. याबद्दल तात्यांची अजिबात तक्रार नव्हती. तक्रार नाही, हे ते स्वतःच आठवड्यातून दोनदा तरी बोलून दाखवत.

रविवारी मात्र तात्या दात विसरून खायला बसत. गल्लीच्या टोकाला एक साधंसं रेस्टॉरंट होतं. तिथं खिडकीजवळचं टेबल, सकाळचे साडेदहा, समोर पत्नी, आणि मध्ये ते भलंमोठं ताट. ही वेळ न्याहारीची म्हणावी तर उशिराची आणि जेवणाची म्हणावी तर लवकरची. पण इथली ताटं दोन्ही एकदम उरकणारी होती. पॅनकेक एवढा, की त्याच्या कडा ताटाबाहेर लोंबायच्या. ऑमलेट नव्या उशीसारखं फुगलेलं. लोण्यात खरपूस परतलेल्या बटाट्यांचा ढीग, त्याच्या पायथ्याशी मश्रूम, आणि टोस्टला जागाच उरायची नाही म्हणून तो वेगळ्या बशीत, जरा नाराज असल्यासारखा. पहिला घास पोटात गेला की तात्यांचे खांदे दोन बोटं खाली यायचे. आठवडाभर कुणाच्या तरी जबड्यात अडकलेला माणूस सुटायचा.

अकरा वर्षं असं चाललं होतं. आणि त्या रविवारी मामांनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या वेटरनं, टेबलावर नवंकोरं, चकचकीत लॅमिनेशन केलेलं कार्ड ठेवलं. तात्यांना कार्ड लागत नसे. तरी नवं म्हणून त्यांनी ते उघडलं, आणि पहिल्याच पानावर सोनेरी चौकटीत वाचलं:

‘कोच स्पेशल. तीन अंड्यांचं ऑमलेट, दोन पॅनकेक, सॉसेज, बीन्स, मश्रूम आणि भरपूर बटाटे. आमच्या लाडक्या कोचसाहेबांच्या सन्मानार्थ.’

‘लाडक्या’ या शब्दापाशी तात्या अडकले.

“अहो, काय झालं? पोटात दुखतंय का?” पत्नीनं विचारलं. इमारतीत सगळे त्यांना काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

“काही नाही. वाच हे.”

काकूंनी वाचलं. “छान आहे की. मागवायचं का?”

तात्यांनी असं पाहिलं, जणू काकूंनी भर रेस्टॉरंटात त्यांना उठाबशा काढायला सांगितल्या होत्या. “मी? त्या माणसाच्या नावाचं ताट मी मागवू? उपाशी मरेन.”

असं म्हणून त्यांनी नेहमीचं सगळं मागवलं आणि शेवटच्या बटाट्यापर्यंत संपवलं. पण खांदे काही खाली आले नाहीत.

हे कोचसाहेब म्हणजे पोहण्याच्या तलावावरचे निवृत्त प्रशिक्षक. अंगानं दरवाज्याएवढे, आवाज तलावाच्या पलीकडच्या काठावर पोचेल असा. बरोबर मधल्या टेबलावर बसायचे. आत आले की वेटरच्या पाठीवर थाप, आचाऱ्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सलाम, आणि मग ते हसायचे. त्या हसण्यावर सगळं रेस्टॉरंट फिदा होतं. तात्यांना ते हसणं आवडत नसे, आणि आपल्याला एखादी गोष्ट आवडत नाही म्हटल्यावर आपण तिच्याकडे नीट बघतही नाही.

“मामा,” तात्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हे कोच किती दिवस झाले इथं यायला लागून?”

“झाली असतील दोनेक वर्षं.”

“आणि आम्ही?”

मामांनी छताकडे बघून बराच विचार केला. “तुम्ही काय, तुम्ही नेहमीचेच.”

नेहमीचेच! म्हणजे खिडकी नेहमीची, पंखा नेहमीचा, तसे तात्या. कोच लाडके आणि तात्या नेहमीचे. घरी परत येताना त्यांनी हा शब्द चार वेळा उच्चारून पाहिला. प्रत्येक वेळी तो जास्तच झोंबला.

पुढच्या रविवारी ते थेट गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंकडे गेले. मालकीणबाईंनी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. “अहो, त्यांनी मला पोहायला शिकवलं! या वयात! पाण्याला पाय लावायला घाबरायचे मी. त्यांचे उपकार मी कसे फेडणार?”

मालकीणबाईंवर आपण कोणते उपकार करू शकतो याचा तात्यांनी तिथल्या तिथं विचार केला. पण बाईंचे बत्तीसही दात, दुर्दैवानं, ठणठणीत होते.

“मीसुद्धा अकरा वर्षं येतो आहे,” तात्या म्हणाले. हे वाक्य त्यांना फार सहज आणि रुबाबात म्हणायचं होतं. निघालं ते हट्टी मुलासारखं.

“अगं बाई, हो का? मग तुमच्याही नावाचं काहीतरी करू की! पण मेन्यूचं सगळं आता जावई बघतात. त्यांना भेटा.”

जावई एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून नुकतेच इथं रुजू झाले होते. नोकरी सुटली होती, पण फाइल सुटली नव्हती. त्यांनी तात्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “पदार्थाला ग्राहकाचं नाव देण्याची आमची एक पद्धत आहे. लेखी अर्ज करा. आम्ही तो समितीपुढे ठेवू.”

“समिती?”

“मी, सासूबाई आणि आचारी.”

“कोचसाहेबांनी अर्ज केला होता?”

“ते पद्धत सुरू होण्याच्या आधीचं आहे,” जावई शांतपणे म्हणाले. या वाक्यावर जगात कुणाकडेही उत्तर नसतं.

इमारतीत ही बातमी जिन्यानं वर चढली. समोरच्या फ्लॅटमधले विमा एजंट त्याच संध्याकाळी सल्ला घेऊन आले. “अर्जबिर्ज नंतर. आधी दोन रविवार जाऊच नका. तुमची उणीव भासली पाहिजे. टेबल रिकामं दिसलं की त्यांना तुमची किंमत कळेल.”

तात्यांना हे पटलं. दोन रविवार ते घरी टोस्ट चावत, घड्याळाकडे बघत बसले. साडेदहाला म्हणाले, “आता मामांना चुकल्यासारखं वाटत असेल.” पावणेअकराला म्हणाले, “आता मालकीणबाई विचारत असतील.” काकूंनी पेपर खाली न घेता “हं” केलं. तिसऱ्या रविवारी ते मुद्दाम पाच मिनिटं उशिरा, थोडे खोकत आत शिरले. मामांनी हसून खुर्ची मागे ओढली. “या. मागच्या रविवारी तुम्हाला मश्रूम कच्चे लागले होते ना? आज आचाऱ्याला सांगून ठेवलंय.”

मागच्या रविवारी तात्या तिथं नव्हतेच. त्यांच्या जागी बसून कच्चे मश्रूम खाणारा तो कोण, हे कधीच कळलं नाही. पण त्याचा आणि आपला चेहरा मामांच्या लेखी एकच आहे, हे तात्यांच्या फार मनाला लागलं.

त्याच दिवशी ते वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेले. वकिली सोडून त्यांना सात वर्षं झाली होती आणि हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी चार पानी अर्ज तयार केला. त्यातलं दुसरं कलम तात्यांना पाठच झालं: ‘अर्जदार हा सदर उपाहारगृहात गेली अकरा वर्षे अखंडितपणे, शांततेने व सर्वांच्या डोळ्यांदेखत बसत आला असून, त्यास आजतागायत कोणीही हरकत घेतलेली नाही.’

“या कलमावर तर ते टेबलसुद्धा तुमच्या मालकीचं होऊ शकतं,” वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले.

“टेबल नकोय हो मला. नाव हवंय.”

“आपण दोन्ही मागू. तडजोडीत एक सोडता येतं.”

मोठ्या मिनतवारीनं टेबल वगळण्यात आलं. चारही पानांवर अर्जदार असा, अर्जदार तसा, अर्जदाराची मनःस्थिती अशी, असं सगळं तपशीलवार लिहिलं होतं. शेवटी तात्यांनी आपली ती सही केली, जी बँकेलाही कधी ओळखता आली नव्हती.

जावयांनी अर्ज दोनदा वाचला, भोक पाडून फाइलला लावला आणि म्हणाले, “उत्तम. आता पदार्थाचा नमुना हवा. ताट दिसणार कसं, हे समितीला कळलं पाहिजे.”

“अजून जो पदार्थच नाही, त्याचा नमुना कुठून आणू?”

“तो अर्जदाराचा प्रश्न आहे.”

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. पण दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसमोर रोज ती सोनेरी चौकट येत नव्हती. तात्यांनी कागद घेतला आणि डाव्या बाजूला कोचचं ताट लिहिलं, उजव्या बाजूला आपलं. तिथं तीन अंडी, इथं चार. तिथं दोन पॅनकेक, इथं तीन. सॉसेज दोन जास्त. शिवाय मधोमध चीजमध्ये बुडालेला एक अख्खा भाजलेला बटाटा, जो कोचच्या ताटात नव्हताच.

काकूंनी यादी पाहिली. “एवढं खाणार कोण?”

“खाण्याचा प्रश्नच नाही.”

“मग कशाचा आहे?”

तात्यांनी कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून लॅबमध्ये काम सुरू झालं. आयुष्यभर माणसांच्या तोंडातलं खोटं खऱ्यासारखं करणारे हात ते. तोंडात घालायच्या वस्तू त्यांना काय अवघड? बटाटे प्लास्टरचे झाले, आणि त्यांच्या कडा कॉफीत बुडवून खरपूस केल्या. बीन्स मेणाचे, एकेक दाणा वेगळा. सॉसेज गुलाबी अ‍ॅक्रिलिकचे, वर तपकिरी झाक. ऑमलेटचा पिवळा रंग मात्र काही केल्या जमेना. पाच दिवस तात्या रंगपट्टी घेऊन बसले. शेवटी तीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्यांच्या दातांसाठी जी छटा वापरतात, ती तंतोतंत बसली.

मधल्या काळात डॉक्टरांचे फोन येत होते. “अहो, आमच्या आजोबांची कवळी कुठवर आलीय? दहा दिवस पेज पिताहेत ते.”

“घेतोच हातात,” तात्या डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे. “आधी एक ऑमलेट पूर्ण करतोय.”

तीन आठवड्यांनी, रविवारी, तात्यांनी ते ताट कापडाखाली झाकून रेस्टॉरंटात नेलं. जावयांनी कापड उचललं आणि पहिल्यांदाच त्यांना कुठलीही पद्धत आठवली नाही. त्यांनी वाकून वास घेतला. बोटानं सॉसेजला टोचून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “अकरा वाजता समिती बसवतो. तोवर इथं असू द्या.” आणि त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीवर ठेवलं, जिथं तयार ताटं वेटरसाठी येऊन थांबतात, तिथं.

आता रविवारची गर्दी काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. आचारी मान वर करायला मोकळा नव्हता. फळीवर जे ताट दिसेल त्यावर जाता जाता पळीभर गरम लोणी ओतायचं आणि चिमूटभर हिरवी पात भुरभुरायची, ही त्याच्या हाताची सवय. त्यानं ओतलं, भुरभुरलं. प्लास्टरच्या बटाट्यांवरून वाफ निघाली. तेवढ्यात मधल्या टेबलावरून तो सुप्रसिद्ध आवाज आला, “मामा, आमचं स्पेशल कुठाय?” आणि मामांनी फळीवरचं सगळ्यात मोठं ताट उचललं.

तात्यांनी हे आपल्या टेबलावरून पाहिलं.

खरं सांगायचं तर त्यांनी लगेच ओरडायला हवं होतं. आवाज होता, वेळ होता. पण मामा ताट उंच धरून चालले होते. वाटेतल्या प्रत्येक टेबलावरच्या माना वळत होत्या, कुणीतरी “अरे बाप रे, हे काय आहे?” म्हणालं, आणि कोचसाहेबांचे डोळे विस्फारले. तात्यांची वस्तू बघून. तो लाडका माणूस तात्यांच्या हातच्या ताटाकडे तोंड उघडं टाकून बघत होता. हे दृश्य अजून थोडं, अगदी थोडं बघावं असं तात्यांना वाटलं.

“अहो!” काकूंनी त्यांचा दंड धरला. “अहो, ते तुमचं—”

“थांबा!” तात्या उठून ओरडले. “खाऊ नका!”

कटकन आवाज झाला.

कोचसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. सॉसेज तसंच्या तसं, ओरखडासुद्धा नव्हता त्यावर. पण वरची कवळी मधोमध दुभंगून लोण्यात पडली होती. तो दरवाज्याएवढा माणूस एका क्षणात घडी घातल्यासारखा लहान झाला. रुमालाआडून त्यांनी काहीतरी म्हटलं. कुणाला कळलं नाही. दोन टेबलांपलीकडे कुणीतरी हसलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

तात्या धावत गेले. दोन्ही तुकडे उचलून त्यांनी नॅपकिननं पुसले, सवयीनं उजेडात धरले आणि तसेच उभे राहिले. पुढचा डावीकडचा दात केसभर वाकडा होता. चार वर्षांपूर्वी त्यांनीच तो मुद्दाम वाकडा बसवला होता, हसू खरं दिसावं म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, सरळ लावा. तात्यांनी ऐकलं नव्हतं. म्हणजे ज्या हसण्यावर हे सगळं रेस्टॉरंट दोन वर्षं लट्टू झालं होतं, ज्याच्या जोरावर सोनेरी चौकट मिळाली होती, ते हसणं...

“ही माझी आहे,” तात्या म्हणाले.

कोचसाहेबांनी ठामपणे मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“तुमचीच हो. पण केलेली माझी. उठा, लॅब जवळच आहे. मी सांधून देतो.”

काकू म्हणाल्या, “मी घरी जाते. मला आणखी काही बघवणार नाही.” आणि खरोखरच गेल्या.

लॅबमध्ये तात्यांनी तुकडे जुळवले, साच्यात बसवले, फटीत नवं अ‍ॅक्रिलिक भरलं. कोचसाहेब स्टुलावर रुमाल धरून, परीक्षेला आलेल्या मुलासारखे अंग चोरून बसले होते. भिंतीवरच्या कप्प्यांतून चाळीसेक जबडे त्यांच्याकडे बघत होते. पक्कं व्हायला दोन तास लागणार होते. तेवढ्यात तात्यांच्या पोटातून असा आवाज आला की दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

“फुम्ही उपाफी आहाफ,” कोचसाहेब म्हणाले. तुम्ही उपाशी आहात, असं ते होतं. आणि ऐकून न घेता त्यांनी तात्यांना हाताला धरून परत रेस्टॉरंटात आणलं. सगळे बघत असतील हे ठाऊक असूनही आणलं, ही गोष्ट तात्यांच्या नजरेतून सुटली नाही.

मालकीणबाई स्वतः आल्या. कोचसाहेबांपुढे सूप ठेवलं. तात्यांपुढे, काही न विचारता, ठेवलं कोच स्पेशल. खरं. वाफाळतं.

“मी हे...” तात्यांनी सुरुवात केली. कोचसाहेबांनी हातानंच सांगितलं, खा.

तात्यांनी ऑमलेट तोडलं. आतून वितळलेलं चीज सावकाश बाहेर आलं. त्यांनी पॅनकेकचा तुकडा सॉसेजला लावला, वर थोडे बीन्स घेतले आणि घास तोंडात घातला. आणि काय सांगावं! दोन महिने ज्या ताटाचा त्यांनी मनोमन धिक्कार केला होता, ते ताट निव्वळ अप्रतिम होतं. सॉसेजची साल दाताखाली फुटत होती, बीन्समध्ये गोडवा होता, आणि ऑमलेटच्या तळाशी आचाऱ्यानं कांदा असा परतला होता की तात्यांचे खांदे दोन बोटं नव्हे, चांगली चार बोटं खाली आले. ते खात गेले. मध्येच वर पाहिलं, तर कोचसाहेब सुपाचा चमचा हवेत तसाच धरून त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर नजर वर-खाली करत होते. ती नजर तात्यांनी ओळखली. आरशात रोज बघितली होती.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा हेवा करत होतं. तात्यांनी पुढचा घास जरा सावकाश खाल्ला. त्याच्या पुढचा त्याहून सावकाश. चौथ्या घासाला मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पॅनकेकचा मधला लुसलुशीत भाग कापला, लोण्यात कालवून अगदी मऊ केला आणि बशीतून पुढे सरकवला.

“मी बघत होतो,” ते मान खाली घालून म्हणाले. “मामा ताट घेऊन निघाले तेव्हा. ओरडायला मी दोन सेकंद उशीर केला. मुद्दाम.”

कोचसाहेबांनी पॅनकेक हिरड्यांनी चघळत विचार केला. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते. “फक्फ बोन?” ते म्हणाले. फक्त दोन? आणि पाची बोटं दाखवून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी असतो तर पाच केला असता.

तात्यांनी एवढा मोठा बटाटा तोंडात भरला तो डोळ्यांतलं पाणी लपवायला. नेमके त्याच वेळी जावई फाइल घेऊन आले.

“अभिनंदन! समितीनं अर्ज एकमतानं मंजूर केला. सकाळपासून लोक विचारताहेत, ते मोठं ताट कोणतं म्हणून. फक्त एक अडचण आहे. चार पानांत सगळीकडे अर्जदार लिहिलंय आणि सही लागत नाही. कार्डं लगेच छपाईला जायची आहेत. नाव काय घालू?”

तात्यांचं तोंड गच्च भरलेलं होतं. त्यांनी हातानं थांबा म्हटलं. पण कोचसाहेबांना नव्या मित्रासाठी काय करू नि काय नको असं झालं होतं. रुमाल बाजूला करून त्यांनी वाटेत विचारून घेतलेलं नाव पूर्वीच्या दणदणीत आवाजात सांगितलं, “फाफ्या!”

जावयांनी क्षणभर पेन थांबवलं, कौतुकानं मान डोलावली आणि लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी नवं कार्ड आलं. कोच स्पेशलच्या वरच्या बाजूला, त्याहून मोठ्या सोनेरी चौकटीत छापलं होतं: ‘फाफिया स्पेशल’.

“हे काय?” तात्या किंचाळले.

“मी तात्या असंच म्हटलं होतं,” मधल्या टेबलावरून कोचसाहेब स्वच्छ, खणखणीत उच्चारात म्हणाले. सांधा कुठं आहे ते दिसतही नव्हतं.

“मला वाटलं, आडनाव परदेशी असेल,” जावई म्हणाले. “आणि आता लॅमिनेशन झालंय. सहा महिने काहीही हलणार नाही.”

तात्या कार्ड हातात घेऊन बसून राहिले. रागवावं की हसावं हे ठरेना. शेजारच्या टेबलावर एक नवीनच बाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी मामांना विचारलं, “हे फाफिया काय असतं?”

“परदेशी प्रकार आहे,” मामा गंभीरपणे म्हणाले. “भूक असेल तरच घ्या.”

बाईंनी घेतलं. इकडे काकूंनीही परस्पर तेच सांगून टाकलं. दोन्ही ताटं एकदमच आली. चार अंडी, तीन पॅनकेक आणि मधोमध चीजखाली गुदमरलेला तो अख्खा बटाटा. शेजारच्या बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तात्या आपलं ताट विसरून त्यांच्या ताटाकडे बघत राहिले.

“तिला बटाटे जास्त दिलेत,” ते कुजबुजले.

“अहो, तुमचेच आहेत ते,” काकू म्हणाल्या. “तुमच्याच नावाचे.”

“माझ्या नावाचे म्हणून काय झालं? जास्त आहेत. आणि तिचं ऑमलेटसुद्धा जास्त फुगलंय.” त्यांनी हात वर केला. “मामा! त्या बाईंना दिलंय ना, तसं एक आणा.”

“तुमच्यासमोर तेच आहे साहेब.”

“तेच नाही. नीट बघा. बटाटे मोजा वाटलं तर.”

मामांनी वाकून एक ताट पाहिलं, मग दुसरं पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे गाल फुगलेले होते, आणि टोस्टच्या रिकाम्या बशीत, नॅपकिनखाली अर्धवट झाकलेले, सगळ्यात खरपूस असे सात बटाटे होते.

“फळीवरून येताना पडले असतील,” मामा म्हणाले. “आणखी आणतो.”

“बघ,” तात्या विजयानं काकूंना म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं?”

काकूंचं तोंड बटाट्यानं भरलेलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.